कादंबरीकारांची पाटी

"अहो, पत्ता चुकलाय तुमचा," शिवणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

गवंड्याने ड्रिल थांबवलं. "बाई, कागदावर हेच घर आहे. खाली शिवणाचं दुकान, हेसुद्धा लिहिलंय."

भिंतीला दोन भोकं पडली होती. पितळी पाटी पायरीवर टेकवलेली. तिच्यावर कादंबरीकारांचं नाव आणि खाली, 'यांनी आपल्या साऱ्या कादंबऱ्या या घरात लिहिल्या.' शहरभर अशा पाट्या लागत होत्या. चौकांत सैनिकांच्या, गल्ल्यांत लेखकांच्या.

"त्यांचं घर वाचनालयामागे. बायको-मुलं तिथेच राहतात. इथे ते फक्त कपडे शिवायला टाकायचे."

"मग ऑफिसात सांगा."

"सांगितलं ना! फोन उचलतात आणि बाजूला ठेवतात मेले."

शिवणबाईंच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. इतकी वर्षं कुणाला कानोकान खबर लागू दिली नव्हती. कादंबरीकार दुपारी सदऱ्याचं माप द्यायला यायचे आणि संध्याकाळी बोटांना शाई लावून जायचे. एका माणसाला इतके सदरे लागतात कशाला, हा प्रश्न गल्लीला पडला नाही हे नशीबच. आणि आता ते गेल्यावर ही पाटी सगळं चव्हाट्यावर मांडणार. उद्या अनावरण. त्यांची पत्नी येणार, गर्दीत उभी राहून वाचणार. नवऱ्याला जाऊन वर्षही झालेलं नाही, त्यात तिला हे ऐकवायचं? शिवणबाईंना तिची मनापासून कीव येत होती, आणि तितकीच भीतीही वाटत होती.

"आज राहू द्या हो. बसा जरा, चहा टाकते."

"दोनदा झाला बाई चहा," गवंडी म्हणाला आणि त्याने तिसरं भोक पाडायला घेतलं.

तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. पांढऱ्या केसांच्या एक बाई सावकाश उतरल्या. हा चेहरा शिवणबाईंनी पुस्तकांच्या मागच्या फोटोत कितीदा पाहिला होता, कादंबरीकारांच्या शेजारी. त्या झटकन पाटीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, यांची काहीतरी गफलत झालीय. पाटी तुमच्या घरची आहे. मी केव्हाची सांगतेय यांना. आत्ताच्या आत्ता काढायला लावते."

पत्नीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं.

"आमच्या घरी त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही," ती म्हणाली, आणि गवंड्याकडे वळली. "चालू द्या तुमचं. पत्ता मीच दिलाय."