चहाचा कप

सकाळपासून नवऱ्याच्या घरभर येरझाऱ्या चालू होत्या. दाराची कडी खटखटवायची, परत यायचं आणि तेच पालुपद, "बाई, मला घरी सोडा हो. उशीर होतोय."

घर त्याचंच होतं. बाई म्हणजे त्याची बायको.

डॉक्टर म्हणाले होते, जुन्या गोष्टी दाखवत राहा. म्हणून ती रोज जलरंगांची वही घेऊन बसायची आणि आठवेल ते रंगवायची. आज तिनं त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं होतं.

"अहो, हे बघा. ओळखलंत का?"

"छान काढलंय हं," तो परक्या माणसाच्या अदबीनं म्हणाला आणि पुन्हा दाराकडे वळला.

तिनं मागची पानं उलटून त्याची स्कूटर दाखवली, लेकीचा पाळणा दाखवला. त्यानं नुसती मान हलवली. तरी हट्टानं तिनं कोरं पान काढलं आणि कागदावरची नजर न हलवता ब्रश पाण्याकडे नेला.

फेऱ्या मारता मारता तो टेबलापाशी थबकला. तिच्या हाताजवळचा चहाचा कप उचलून त्यानं पार पलीकडे ठेवला आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.



"राग मानू नका, बाई. आमची ही रंगवायला बसली की हमखास चहात ब्रश बुडवते. आता तेवढं दार उघडा ना, घरी वाट बघत असेल ती."