पाहुण्यांचं आडनाव

पाहुण्यांनी आपलं आडनाव फळ्यावर लिहिलं. गेर्बर. मग खडूनं माखलेले हात सरळ पँटला पुसून ते इंग्रजीत सांगायला लागले आणि शेजारी उभे असलेले रामहरी सर माईकवरून त्याचं मराठी करायला लागले.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या जर्मन कंपनीचे हे साहेब शाळेला नवी प्रयोगशाळा देणार होते. म्हणून अख्खी दहावी हॉलमध्ये सतरंजीवर आणून बसवलेली. त्यातच दिशा होती. तिला सरांच्या मराठीची गरज नव्हती. इंग्रजी तिला चांगलं कळत होतं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

साहेब सांगत होते, पाच-सहाशे वर्षांपूर्वी आमच्याकडं गावात एकाच नावाची ढीगभर माणसं. ओळखायची कशी? तर कामावरून. दळण दळणारा तो म्युलर, कापड विणणारा तो वेबर. आमचे पूर्वज कातडी कमवायचे, म्हणून गेर्बर. पुढं काम सुटलं, नाव काही सुटलं नाही. कातडी चुन्यात भिजवायची, केस खरवडायचे, मग ओकच्या सालीच्या पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवायची. वास असा, की त्यांना गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी राहावं लागायचं. एवढं सांगून साहेब स्वतःच खो खो हसले.

सर म्हणाले, "साहेबांचे पूर्वज चामड्याचे मोठे कारखानदार होते. नदीकाठी त्यांची प्रशस्त घरं होती."

टाळ्या. नुसत्या टाळ्या.

दिशाचे हात मांडीवरच राहिले. समोरच्या भिंतीवर कालपर्यंत तिचा तक्ता होता, 'आमच्या गावातले व्यवसाय' या प्रकल्पातला. चुन्याचं कुंड, बाभळीची साल, दोरीवर टांगलेली कातडी आणि मधोमध तिचे बजरंग आजोबा, बाह्या वर करून. सरांनी तो स्वतःच्या हातानं उतरवला. पाहुण्यांसमोर हे असलं कातड्याबितड्याचं नको, म्हणाले, तू आपलं कांद्याच्या शेतीचं काढ. दिशाच्या घरी वीतभरही शेती नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

ती उठून उभी राहिली.

शेजारच्या एंजेलानं तिची ओढणी खेचली. "बस की खाली. तोंडीचे मार्क त्यांच्याच हातात हायेत."

दिशानं ओढणी सोडवून घेतली. "सर, कारखानदार नाही म्हणाले ते. कातडी कमवायचे म्हणाले. स्वतःच्या हातानं. आणि प्रशस्त घरं कसली, गावानं बाजूला ठेवलं होतं त्यांना."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त दात दिसायचे थांबले. माईक बाजूला करून ते हळूच म्हणाले, खाली बस, आपण नंतर बोलू. त्या 'नंतर'चा अर्थ सगळ्या वर्गाला कळला. साहेबांना तेवढं कळलं नाही. मुलीला काही विचारायचंय एवढंच त्यांनी ताडलं आणि हात पुढं करून तिला खुशाल विचार म्हणाले.

आता सरांचा इलाज नव्हता. "विचार. पण नीट इंग्रजीत. शाळेचं नाव घालवू नकोस."

"मराठीतच विचारते, सर. तुम्ही सांगा त्यांना."

ओढणीचं टोक मुठीत आवळून ती म्हणाली, "त्यांना विचारा, आडनाव ऐकून तिकडं अजून कुणी भाड्यानं खोली द्यायला नाही म्हणतं का? माझ्या दादाला गेल्या महिन्यात तसंच नाही म्हणाले. आणि तिकडं तसं होत नसेल, तर ते कधी थांबलं, कसं थांबलं, तेवढं आम्हाला सांगायला सांगा."

दिशा उभीच होती.

साहेबांनी सरांकडं पाहिलं. हसतमुखानं, मान जराशी कलती करून, भाषांतराची वाट बघत.

सरांनी माईक तोंडाशी नेला. स्पीकरमधून सगळ्या हॉलला त्यांचा नुसता श्वास ऐकू येत राहिला.