त्या सीनमधलं रडणं

“चिमटा काढायचे का हो आजी त्याला?” तिने शेवटी विचारलंच.

आजींची नजर पडद्यावरून हलली नाही. तिथे एक आडदांड बँक मॅनेजर दुसऱ्या कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन बसला होता. तो बोलायला लागला, की बाळ भोकाड पसरायचं. तो गप्प झाला, की बाळ गप्प. साडेचार मिनिटांचा सीन. पंचावन्न वर्षं लोक त्याला पोट धरधरून हसत आले होते. सिनेमाची जुनी रिळं आता या ऑफिसात धुऊनपुसून लख्ख केली होती आणि नव्या प्रतीबरोबर ‘पडद्यामागच्या गमती’ अशी एक पुस्तिका निघणार होती. ती लिहायचं काम तिच्याकडे. बाळाला रडवलं कसं, याच्या तर दंतकथाच झाल्या होत्या. कुणी म्हणे दिग्दर्शक चिमटा काढायचा, कुणी म्हणे लिंबू चाटवायचे, कुणी म्हणे उपाशी ठेवलं होतं. त्या बाळाची आई म्हणजे या आजी. खरं काय ते सांगणारं त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं.

एरवी तिला हे सगळं विचारायला मजा आली असती. आज डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. आठ महिन्यांच्या लेकाला पाळणाघरात सोडायला लागून आज पाचवा दिवस. रोज दारात तोच आकांत. रोज ती जिन्याखाली उभी राहून तो ऐकायची आणि बस चुकेल म्हणून तो थांबायच्या आत पळायची. पाळणाघराच्या बाई म्हणायच्या, “ताई, तुमची पाठ वळली की पाच मिनिटांत गप्प होतो.” सगळ्याच आयांना असं सांगत असतील, तिला वाटायचं. चार वाजले की हातातलं काम टाकून ती निघायची. सकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “असं किती दिवस? जमत नसेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगून टाका. मला दुसरं कुणी बघावं लागेल.”

तिचं ठरलं होतं. नाही जमत, असं सांगायचं. एवढं एक पान आटपलं, की सुटका.

“चिमटा?” आजी म्हणाल्या. “कुणाची छाती होती? हात मोडून ठेवला असता.”

“मग रडवायचे कसे?”

“मी खोलीबाहेर जायचे. एवढंच. आई दिसेनाशी झाली की झाला सुरू.”

लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

“आणि तुम्ही बाहेर उभ्या राहून ऐकायचात?”

“दाराला कान लावून.”

“कसं सहन झालं हो?”

आजींनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, खांद्यावर वाळलेला दुधाचा डाग. मग पडद्याकडे बोट केलं. “आवाज बंद कर बघू. आणि पहिल्यापासून लाव.”

तिने लावलं. मॅनेजरने मूकपणे तोंड उघडलं. बाळानेही उघडलं. नव्या प्रतीत सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. खालचे दोन दात. गालावरची खळी. डोळे कोरडे ठणठणीत. हातपाय उडत होते. कॅमेऱ्याच्या बाजूला कुणीतरी असावं, बाळ तिकडेच बघत होतं. तिने सीन मागे घेतला. परत पाहिला. परत मागे घेतला.

“अहो, हा तर हसतोय!”

“मग काय तर! पहिल्या दिवशी रडला, पण तेव्हा त्या मॅनेजरचीच वाक्यं चुकत होती. दुसऱ्या दिवशी नुसता कुरकुरला. तिसऱ्या दिवशी सगळं जमून आलं, तर हा रडेचना. लाइटवाला वेडीवाकडी तोंडं करून दाखवत होता, त्याच्यावर खूश. मी बाहेर गेले, आत आले, परत गेले. ढुंकून बघितलं नाही माझ्याकडे. आणि आता छप्पन्न वर्षांचा घोडा जिथे तिथे सांगत फिरतो, काय टेक दिला होता मी! त्याला कळू देऊ नकोस हं. नाक कापलं जाईल बिचाऱ्याचं.”

“पण मग हे रडणं कुणाचं?”

आजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“माझं,” त्या म्हणाल्या. “दाराबाहेर एक माईक होता. तो चालूच राहिलेला. साउंडवाल्याने नंतर ती टेप जरा जोरात फिरवली, आवाज बारीक झाला. अगदी बाळासारखा. लोकांना काय कळतंय!”

“पण तुम्ही कशाला रडत होतात? तो तर मजेत होता.”

“म्हणूनच गं,” आजी म्हणाल्या.

पडद्यावर बाळ आवाजाविना खिदळत राहिलं. थोड्या वेळाने ती उठली आणि फोन घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली. पावणेचार वाजले होते.

“रडतोय का हो?” तिने पाळणाघराच्या बाईंना विचारलं.

“कशाचा रडतोय! सकाळी तुम्ही फाटकाबाहेरही पडला नसाल, तोवर गप्प. आता झाकणं आपटत बसलाय.” खरंच, मागे झाकणं आपटत होती आणि एक ओळखीचं खिदळणं ऐकू येत होतं.

“मग मी आज सहाला येते,” ती म्हणाली. “रोजच सहाला येत जाईन आता.”

“या की, सावकाश या.” बाई जरा थांबल्या. “अहो ताई! आता तुम्ही का रडायला लागलात?”