सहा किलोचं पिस्तूल

चांद्रवसाहतीतल्या नेमबाजी स्पर्धेत यमुनाक्का लोहारांनी भाची कावेरीसाठी घडवलेलं पिस्तूल टेबलावर ठेवलं, तेव्हा प्रशिक्षक सामंत मोठ्याने हसले.

"अक्का, सहा किलो? हे पिस्तूल आहे की ऐरण?"

"चंद्रावर उचलताना ते किलोभरच वाटतं, साहेब. पण त्याचा जडपणा कुठे जात नाही. गोळीचा धक्का तोच गिळतो. आणि नळी मुठीलगत खाली घेतलीय, म्हणजे तोंड वर उसळायचं नाही."

कावेरीचं मनगट लहानपणी मोडलं होतं. पृथ्वीवर दर गोळीला ते कळवळायचं, नेम चुकायचा. म्हणून तिला संघातून काढून टाकलं होतं. आज तिने एकापाठोपाठ दहा गोळ्या झाडल्या. मनगट ढळलं नाही. दहाही छिद्रं बोराएवढ्या जागेत पडली.

सामंत हसायचे थांबले होते. ते स्वतः उठले आणि फलकावर विजेतीचं नाव लिहू लागले.

"थांबा सर," कावेरी म्हणाली. "आधी माझ्या मावशीचं लिहा. पिस्तूल तिने घडवलंय."

अक्कांचे डोळे भरले, पण मान ताठच राहिली.

"यमुना लोहार," त्यांनी सांगितलं. "आणि जरा ठळक लिहा, साहेब."