निरांजनातलं तूप

उद्घाटनाला आलेले पाहुणे काचेबाहेर कुडकुडत होते. खोटी थंडी भासवणारे मनगटपट्टे शाल्मलीने फक्त त्यांच्यासाठी बनवले होते. काचेआड हिमअस्वलाला मात्र खरा बर्फ मिळणार, असा शब्द प्राणिसंग्रहालयाचे संचालक धारकर यांनी तिला दिला होता.

सकाळच्या पूजेचं विझलेलं निरांजन आतच राहिलं होतं. अस्वलाचा पंजा लागून ते कलंडलं आणि तूप पाण्यासारखं पांढऱ्या जमिनीवर ओघळलं.

"बर्फात तूप पातळ कसं राहिलं?" शाल्मलीने विचारलं.

"अहो मॅडम, त्याला थंडी वाटतेय ना, मग झालं तर!" धारकर हसले. "तुमचाच पट्टा आहे त्याच्या गळ्यात."

आतही बाहेरचाच मे महिना होता. जीभ काढून धापा टाकणारं अस्वल ऊब मिळावी म्हणून अंगाचं मुटकुळं करून बसलं.