पांढरा रुमाल

कारखान्याचं पाणी तपासणारी ती पहाटे वारल्याचं तिथं कळलं, त्या दिवशी सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली, तरी नदीकडचा व्हॉल्व्ह कुणी उघडला नाही. संध्याकाळी मॅनेजर घरी आले आणि तिच्या नवऱ्यापुढे मान खाली घालून बसले.

“चाचण्या ठीक आल्यात, दादा. पण बाई ‘सोडा’ म्हणाल्याशिवाय कुणी हात लावायला धजत नाही. आकडे बघूनसुद्धा त्या घरी जाऊनच ठरवायच्या. काय बघायच्या हो?”

नवऱ्याला तशातही हसू आलं. “माझा रुमाल! रंगाचा कारखाना तुमचा, रुमाल मात्र माझे. रोज एक पांढरा रुमाल त्या पाण्यात बुडवून आणायची आणि दोरीवर वाळत घालायची. सकाळी जराशी झाक दिसली, की तुमचं पाणी अडलंच. मी म्हणायचो, लग्नाआधी मला एवढं पारखलं असतंस, तर सुटलो असतो.”

तो गॅलरीत गेला. तिनं काल वाळत घातलेला रुमाल त्यानं तिच्यासारखाच उजेडात धरला, उलटून पुन्हा धरला.

“पांढरा आहे. सोडा.”

पाणी सुटलं. रुमाल त्यानं परत दोरीवर टाकला. त्याची घडी घालायची अजून राहिली आहे.