अर्ध्यावर तुटलेला धवला

कोपर गावातल्या एका हळदीत मांडवात बसून सखुबाई लग्नाचे धवले गात होती. चाळीस वर्षं गावातली एकही हळद तिच्या गाण्यांशिवाय लागलेली नव्हती आणि सुरू केलेला धवला तिनं कधी अर्ध्यावर सोडला नव्हता. तेवढ्यात नवरदेवाचा मामा खेकसला, "ए डीजे, आवाज वाढव! या म्हातारीचं रडगाणं कोण ऐकतंय?" सखुबाई गातच राहिली. तिच्या नवऱ्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बायकोला चारचौघांत असं बोलतो? त्यानं भर मांडवात मामाच्या कानाखाली जाळ काढला. मामा खुर्चीसकट आडवा झाला, बायका किंचाळल्या आणि गाणं थांबलं. छाती फुगवून तो बायकोकडे वळला. हळदीची वाटी हातात घट्ट धरून ती उठून उभी राहिली. "अवो, तो बोंबलत होता, तरी मी गात होती," ती कडाडली. "माझा धवला तुमच्या हातानं मोडला!"